बंद गुडघा

"उघडा, जावई." लटारू मिस्त्रीनं पत्रूच्या हातात पाना दिला. "लगनाच्या आंधी हे होऊन जाऊ द्या."

शेडमधली माणसं हसली. पत्रूला मात्र घाम फुटला होता. समोरच्या बाकावर एक पाय आडवा ठेवला होता. सागवानी, मांडीपासून खालपर्यंतचा, गुडघ्याच्या जागी बिजागरी आणि बिजागरीला लोखंडी खटका. तो पाय जिचा, ती लटारूची एकुलती एक मुलगी कला पलीकडे स्टुलावर बसली होती. कुबडी भिंतीला टेकवून ती शेंगा फोडत होती आणि होणाऱ्या नवऱ्याची फजिती अगदी मनापासून पाहत होती.

"बोल्ट खिशात नोका टाकू जी," लटारू ओरडला. "ताटलीत ठेवा. ज्या रांगेनं काढले त्याच रांगेनं."

"मामाजी, मी कोळशाच्या पट्ट्याचे बोल्ट खोलतो रोज. हे एवढाले."

"तो पट्टा रडत नाई, जावई. ही रडते."

"मी कधी रडली?" कला म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले.

आलापल्लीच्या बाजाराच्या टोकाला ही टिनाची शेड होती. कला शाळेत जाण्याच्या वयाची असताना लाकडांनी भरलेली बैलगाडी नाल्यात उलटली आणि तिचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. दवाखान्यानं पोर वाचवली, पण पुढं ती चालणार कशी हे कोणी सांगेना. लटारू तेव्हा दारं आणि खाटा करायचा. त्यानं खाटेच्या उरलेल्या सागवानातून आणि सायकलच्या सामानातून एक पाय केला. तो भिकार झाला. दुसरा जरा बरा झाला. पोर वाढत गेली तसे पाय लहान पडू लागले, आणि लहान पडलेले पाय कोणाकोणाला उपयोगी पडू लागले. कलाच्या जखमेवर पट्ट्या बांधणारा श्रीहरी कंपाउंडर एकेकाला लटारूकडे पाठवत राहिला. कोणाला अस्वलानं धरलेलं, कोणाचा पाय लाकडं कापायच्या आऱ्यात गेलेला, कोणाला साप चावून तो सडलेला. अशानं शेड उभी राहिली, तिची एक समिती झाली, आणि नोकरी संपल्यावर श्रीहरीही कायमचा इथेच येऊन बसला.

शेडचा एकच नियम होता आणि तो लटारूनं घातलेला होता. पाय घ्यायला एकट्यानं यायचं नाही. घरचं एक माणूस सोबत पाहिजे. त्या माणसानं सगळ्यांसमोर पाय उघडायचा, पुसायचा, तेल द्यायचं आणि पुन्हा जोडायचा. जमेपर्यंत पाय मिळणार नाही. घरी गेल्यावर दर रविवारी हेच करायचं. पायातला प्रत्येक बोल्ट कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळेल असाच घालायचा, हाही त्याचाच हट्ट. आणि पाय वापरणारं माणूस गेलं, की घरच्यांनी तो पाय शेडला आणून द्यायचा. मग तो भिंतीवरच्या खुंटीला लागायचा, पुढच्या माणसासाठी. धानोऱ्याकडच्या एका गावात तर दोन पाय असे होते की ते शेडनं केलेलेच नव्हते. शेडचा पाय उघडून पाहून तिथल्याच एका माणसानं ते केले होते. लटारू ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून सांगायचा. स्वतःच्या कामाचंही त्याला एवढं कौतुक नव्हतं.

पत्रूला दुसऱ्या वेळी जमलं. कलानं पाय चढवला, पट्टे आवळले आणि उठली. खटका वाजला, खट्. मग प्रत्येक पावलाला खट्, खट्.

शेडला लागून लटारूचं घर होतं. कुडाच्या पलीकडून मीराबाईचा आवाज आला, "आली का वं?"

"आली, माय!"

हे रोजचंच होतं. पोरीचा खटका ऐकू आला की मीराबाई चुलीपाशी बसल्याबसल्या विचारायची आणि पोरगी उत्तर द्यायची. दोघी दिवसातून दहादा भेटत असल्या तरी विचारायचीच.

लग्न झालं. पंचशील झालं, जेवणं झाली, आणि कला ऊर्जानगरला गेली. पत्रू तिथल्या वीज केंद्रात हेल्पर होता आणि त्याला क्वार्टर मिळालं होतं, वरच्या माळ्यावर.

* * *

बंद गुडघ्याचा विषय श्रीहरीनं काढला. तो नागपूरला जाऊन एक गुडघा पाहून आला होता आणि आल्यापासून दुसरं काही बोलत नव्हता. कुठल्याशा कंपनीचा. आत दाबून भरलेलं तेल, त्यामुळं पाऊल टाकलं की आपोआप धरतो, उचललं की आपोआप वाकतो. खटका नाही, आवाज नाही.

"आपून तो ठेवू, लटारू. ज्याले पायजे त्याले देऊ."

"उघडते का तो?"

"उघडाले काऊन पायजे? बिघडतच नाई म्हनते."

"उघडते का?"

"नाई. सील आहे त्याले. बिघडला तं कंपनीकडं पाठवाचा."

"मंग माह्या शेडातून नाई."

श्रीहरी चिडला. हा माणूस सहसा चिडत नसे. "लोक मांगून राह्यले, बापा. मांगनाऱ्याले नाई म्हनाचा तुले काय अधिकार?"

"मी कोनाले नाई म्हनलं? नागपूरले दुकान आहे. जा म्हना, घ्या म्हना, खुशाल घाला. माह्या दारातून नाई."

"पन काऊन?"

"कारन इथून गेलेल्या पायाले कोनी काही इचारत नाई. या शेडातून आला म्हंजे घरचा झाला. उद्या तो अडला, तं जंगलातला मानूस पाना घेऊन बसल. अन् पाना लागनार नाई त्याले. मंग तो पाय कोनाचा, सांग? त्याचा का कंपनीचा?"

"अन् तुह्या लाकडाच्या पायानं तो मानूस धड चालत नाई, त्याचं काय? तुह्या हट्टापायी त्यानं जलमभर लंगडाचं?"

लटारूनं रंधा उचलला आणि जे लाकूड आधीच गुळगुळीत होतं त्याच्यावरच फिरवत बसला. मला विचाराल तर खरं दोघांचंही होतं. एक जण तरी लबाड असता तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

शेडमधल्या इतरांनीही बाजू घेतल्या. इतवारी म्हणून एक जंगलातला म्हातारा होता, अस्वलानं पाय खाल्लेला. तो म्हणाला, मला आवाजच पाहिजे, आवाजानं डुकरं पळतात. त्यावर हसून विषय तेवढ्यापुरता मिटला.

उन्हाळ्यात कला माहेरी आली आणि तिनं तोच विषय काढला. श्रीहरीनंच तिला सांगितलं असणार.

"बाबा, मले तो गुडघा पायजे."

लटारू जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"ह्या पायात काय खराबी आहे?"

"काही नाई जी. तुमचा पाय चांगला आहे." ती खाली पाहून बोलत होती. "पन तिथी पायऱ्या आहेत. मी एकेक पायरी उतरतो तं मांगं चार बाया उभ्या राह्यते, नळाच्या पान्याची वेळ निघून चालली राह्यते त्याईची. पोट्टे खटखटबाई म्हनते मले. इथी सारे मले वळखते, बाबा. तिथी पह्यले खटका वळखते, मंग मले."

"तं नागपूरले जा. पत्रू नेईल. घेऊन घे."

"दुसऱ्याच्या हातचा नोको. तुमी पाहून द्या. तुमच्या हातचा असला तं मले भेव नाई."

ती जे म्हणत होती तेच तर लटारूचं भय होतं. पण ते तिला समजेल अशा शब्दांत सांगता येईना. तो नुसता "नाई" म्हणाला. कलानं त्याच्या ताटात भाजी वाढली आणि पुन्हा बोलली नाही. पुढच्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला ती आली नाही. दरवर्षी निळी साडी नेसून पुढं असायची. पत्रूला सुट्टी नसेल, असं लटारूनं मीराबाईला सांगितलं. मीराबाई म्हणाली, "तुमी सोताले सांगून राह्यले का मले?"

शेवटी तो स्वतःच ऊर्जानगरला गेला. मीराबाईनं टोपलीभर टेंभरं दिली होती, पिकून मऊ झालेली. चंद्रपूरहून कामगारांच्या बसनं तो क्वार्टरांपाशी उतरला, विचारत विचारत इमारत शोधली आणि जिन्याशी आला. दुपार होती. खालच्या नळाला नुकतंच पाणी आलं होतं.

वरून कला उतरत होती. ती उभी नव्हती. पायरीवर बसायची, बादली खालच्या पायरीवर ठेवायची, दोन्ही हात टेकायची आणि एका पायरीनं खाली घसरायची. लाकडी पाय पुढं सरळ ताठ धरलेला. मागच्या बायका कडेकडेनं, तिला ओलांडून भराभर उतरत होत्या. त्यांतली एक जण जाता जाता तिची बादली नेते म्हणाली, तर ही हसून "नाई जी, जमते मले" म्हणाली. साडी मागून मळून काळी झाली होती.

लटारू जिन्याच्या आडोशाला गेला. मुलीनं आपल्याला पाहू नये असं त्याला वाटलं. आपल्या हातानं केलेला पाय लावून आपली पोरगी बसत घसरत जिना उतरते, हे त्यानं कधी मनातही आणलं नव्हतं. तो बाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभा राहिला आणि ती पाणी भरून वर गेल्यावर, बऱ्याच वेळानं, आत्ताच आल्यासारखा वर गेला. टेंभरं दिली, चहा घेतला. गुडघ्याचा विषय तिनंही काढला नाही, त्यानंही नाही.

आलापल्लीला परत आल्यावर त्यानं श्रीहरीला एवढंच म्हटलं, "मांगव."

* * *

गुडघा घेऊन कंपनीचा माणूस स्वतः आला. सभ्य होता बिचारा. धुळीत बसून त्यानं, मांडी जिच्यात बसते त्या लटारूच्या लाकडी वाटीला तो गुडघा बसवून दिला, वाटीचं काम पाहून मनापासून वाहवा केली. जाताना मात्र त्यानं बोट वर करून सांगितलं, "मिस्त्रीजी, इसको खोलना नहीं. कभी नहीं. एक बूंद तेल भी निकला तो ये आदमी को धोखा देगा. चलते चलते बैठ जाएगा."

"कलाले सांगा लागते हे," श्रीहरी म्हणाला.

"मी सांगतो माह्या पोरीले," लटारू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कला आणि पत्रू आले. शेड भरलेली होती. नवा गुडघा येणार हे कळल्यामुळं इतवारीसारखे लांबलांबचे लोकही आले होते. पाय बाकावर ठेवला. काळा, चकचकीत, कुठं जोड दिसत नव्हता. गुडघ्याच्या मागं फक्त एक लहानसा स्क्रू आणि त्यावर लाखेचा ठिपका.

पत्रू पुढं झाला. त्यानं आपण होऊनच पाना उचलला, ताटली ओढली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि लटारूकडं पाहून हसला. "या वक्ती खिशात नाई टाकनार, मामाजी."

सगळे पाहत होते. लटारूला बोलायचं होतं. हा उघडत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या शेडमध्ये, त्या भिंतीवरच्या पायांसमोर, ज्या ज्या माणसाला त्यानं उघडता येत नाही तोवर पाय नाही म्हणून दोन-दोन दिवस बसवून ठेवलं होतं त्यांच्यासमोर, त्याच्या तोंडातून ते वाक्य निघेना. आपल्याच पोरीसाठी नियम मोडला, हे त्यांना दिसतच होतं. ते आपल्या तोंडानं सांगायची त्याला लाज वाटली.

"एसटी निंघून जाईन," तो म्हणाला. "ठेवा तो पाना. चला, चढव वं पोरी."

श्रीहरीनं त्याच्याकडं पाहिलं. एसटीला अजून खूप वेळ होता. श्रीहरीला वाटलं, घरात गेल्यावर सांगेल.

कला उठली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थांबून तिनं मागं वळून पाहिलं, जणू कोणी दुसरंच चालत होतं. मग ती शेडच्या दारापर्यंत गेली, बाहेर गेली, रस्त्यावर गेली. पार वळणापर्यंत जाऊन परत आली तेव्हा ती रडत होती आणि तोंडभर हसत होती. पत्रूही रडत होता. म्हातारा इतवारीसुद्धा डोळे पुसत होता. अशा वेळी कोण कोणाला काय सांगणार?

पुढचं वर्ष चांगलं गेलं, हे सांगितलंच पाहिजे. कला जिना चढली, उतरली, पाणी भरलं. शेजारच्या बायकांसोबत पायी बाजाराला जाऊ लागली. चौदा एप्रिलला निळी साडी नेसून ती मिरवणुकीत पार शेवटपर्यंत चालली, आणि रात्री पाय दुखतो म्हणून आईकडून मांडी दाबून घेताना सुद्धा खूश होती.

त्याच चौदा एप्रिलच्या सकाळी लटारू शेडमध्ये पाठमोरा बसून काम करत होता. "बाबा," असा एकदम कानाशी आवाज झाला आणि तो दचकला. हातातली पटाशी पडली.

"कधी आली वं?"

"केव्हाची उभी आहो मी मांगं."

त्यानं पोरीला पाहिलं. ती आनंदानं फुलली होती. पाठीमागून आलेली आपली पोरगी आपल्याला ऐकू आली नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. घरात मीराबाईनंही विचारलं नव्हतं. त्याला आनंद झाला आणि वाईट वाटलं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटल्यामुळं तो नुसता पाहत राहिला. तेव्हा सांगायला हवं होतं. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. पण सणाचा दिवस होता, पोरगी मिरवणुकीला निघाली होती, आणि त्या पायाबद्दल वाकडं असं काहीही त्या दिवशी त्याला बोलावंसं वाटलं नाही. पुढच्या खेपेला सांगू, असं त्यानं ठरवलं.

* * *

ऊर्जानगरहून माणूस आला तो पावसाळ्यात. कला जिन्यावरून पडली, डोक्याला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपली. लटारू आणि मीराबाई पोचले तेव्हा लोकांनी तिला नेण्याची तयारी करून ठेवली होती. पांढऱ्या कापडाखाली एकच पाय दिसत होता.

त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मीराबाई परत आली ती बोलायची थांबली. चूल पेटवायची, विझवायची.

काही आठवड्यांनी पत्रू शेडमध्ये आला. रीतीप्रमाणे तो पाय परत करायला आला होता. काखेत दोन गाठोडी होती. एकात लाकडी पाय, एकात तो काळा. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. श्रीहरी उठून बाहेर निघाला, तर पत्रू म्हणाला, "बसा जी, काका. तुमच्यासमोरच इचारतो."

त्यानं काळा पाय बाकावर ठेवला. खिशातून रुमाल काढला. रुमालाच्या गाठीत तो लहानसा स्क्रू होता.

"मामाजी, पाहा न मले काय चुकलं. तेवढंच सांगा." त्याचा आवाज एकसारखा होता, पाठ केल्यासारखा. "वर्सभर वरूनच पुसला मी तो, खोलाचं काम पडलं नाई. मंग गुडघा कुरकुर करे. रविवार होता. मी पेपर हातरला, ताटली घेतली. तुमी सांगतलं तसंच. स्क्रू काढला तं आतून काळं तेल आलं. मले वाटलं जुनं झालं. मी सारं काढलं, पुसलं, नवीन मशीनचं तेल टाकलं. घट्ट केला. मी दोनदा पाह्यलं, घट्ट होता. ती बाजूलेच बसून होती. म्हने, बाबासारखंच करून राह्यले तुमी." त्यानं रुमालातला स्क्रू बोटांत धरला. "मंग नळाच्या पान्याच्या वक्ती ती उतरत होती, अन् गुडघा बसला. एकदम बसला. मी वरून पाह्यलं जी. मी काय चुकलो? उलटा लावला का मी स्क्रू?"

बाहेर टिनावर पाऊस वाजत होता.

"तुमचं काही चुकलं नाई, जावई."

"नाई, माही समजूत नोका काढू. खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो. तो उघडाचाच नव्हता." लटारूनं बाकाची कड धरली. "कंपनीवाल्यानं सांगतलं होतं. मले मालूम होतं."

पत्रू ओरडेल, पाय उचलून फेकेल, असं श्रीहरीला वाटलं. लटारूला तर ते हवंच होतं.

"तिले मालूम होतं?" पत्रूनं विचारलं.

"नाई. मी सांगतलंच नाई. त्या दिवशी साऱ्याईसमोर लाज वाटली मले. अन् मंग राहूनच गेलं."

पत्रू स्टुलावर बसला. ज्या स्टुलावर बसून कला शेंगा फोडत होती, त्याच. "मी तिले म्हनलं होतं," तो हळू बोलला. "लाख लावली आहे स्क्रूले, खोलू का नाई? तं म्हने, खोला न. बाबाच्या शेडातून आला म्हंजे खोलता येते."

लटारू खाली बसला. तो मोठ्यानं रडला. सागवानाच्या भुशात बसून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, लहान पोरासारखा रडला. श्रीहरीच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "गुडघा वाईट नव्हता रे, लटारू. ती वर्सभर चालली त्याच्यावर. आपून बोललो नाई, ते वाईट."

"बोललो असतो तं मंग तो या शेडातला पायच राह्यला नसता," लटारू म्हणाला. "म्हनूनच नाई बोललो मी."

काळ्या पायाचं काय करायचं हे कोणालाच सुचेना. तो खुंटीला लावून उपयोग नव्हता. तो कोणाला देता येणार नव्हता, आणि उघडून त्यातलं काही काढून घेता येणार नव्हतं. तो तिथंच बाकाच्या कडेला पडून राहिला.

दारात मघापासून दोन माणसं पावसात उभी होती. धानोऱ्याकडून आलेली, कलाबाई नावाची एक तरणी पोर आणि तिचा भाऊ पोचू. पोरीला उजवा पाय गुडघ्याच्या वरून नव्हता, हातात बांबूची कुबडी होती. आत रडारड चाललेली पाहून ती दोघं आत यायला धजत नव्हती. श्रीहरीनं त्यांना बोलावून बसवलं, पोरीला नाव विचारलं आणि नाव ऐकून त्यानं लटारूकडं पाहिलं.

लटारूनं चेहरा पुसला. पोरीच्या मांडीकडं पाहिलं, मग पत्रूच्या दुसऱ्या गाठोड्याकडं. माप घ्यायची गरज नव्हती. त्या उंचीचा, उजवा, सागवानी पाय त्याच्यासमोर होता. त्यानं गाठोडं सोडलं आणि पाय बाकावर ठेवला. मग पाना उचलून पत्रूपुढं धरला.

"उघडा, जावई. या पोट्ट्याले दाखवा."

"मी नाई." पत्रूनं हात मागं घेतले. "माह्या हातानं नाई आता, मामाजी."

"तुमच्याच हातानं. तुमचे हात बरोबर आहेत." लटारूनं पाना तसाच पुढं धरून ठेवला. "माहं तोंड चुकलं. तुमचे हात नाई चुकले."

पत्रूनं पाना घेतला. पोचू जवळ सरकून बसला. पहिला बोल्ट निघाला, ताटलीत ठेवला. दुसरा निघाला. खटक्यापाशी आल्यावर पत्रू थांबला. खटक्याच्या दातांभोवती चिंधी गुंडाळलेली होती, घट्ट, दोऱ्यानं नीट शिवलेली. निळ्या साडीच्या काठाची. खटका वाजू नये म्हणून कलानं कधीतरी ती बसवली होती. बाप नाही म्हणाला, त्यानंतरच्या त्या वर्षातली असावी. कोणाला न सांगता.

"मले पन नाई मालूम हे. रविवारी माह्या हाती द्याच्या आंधी काढून ठेवत असन ती," पत्रू म्हणाला.

लटारूनं त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग त्यानं चिंधी सोडवायची खूण केली. पत्रूनं ती काढून आपल्या खिशात ठेवली. पाय पुसला, तेल दिलं, पोचूकडून एकदा सगळं उघडून-जोडून घेतलं. मग पोरीला चढवायला सांगितला.

ती भावाचा खांदा धरून उठली. घाबरत पाऊल टाकलं. खट्. पुन्हा एक पाऊल. खट्. जमतंय असं पाहून ती दारापर्यंत गेली आणि वळली.

कुडाच्या पलीकडून, कित्येक दिवसांनी, मीराबाईचा आवाज आला.

"आली का वं?"

पत्रूनं खिशावर हात दाबून धरला. पोरीनं सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. बाई आपल्यालाच विचारते आहे, असं तिला वाटलं. परक्या घरी विचारलं तर उत्तर द्यावं, म्हणून ती जरा लाजत म्हणाली,

"हो जी. आली."